परदेशी निधी थांबला, तरी इशारा पोचला पाहिजे

प्रकल्प बंद होत असल्याचं पत्र आलं तेव्हा आमच्या हातात तीस दिवस होते. नदीकाठच्या सात वस्त्यांमध्ये मी अकरा वर्षं आपत्तीच्या पूर्वतयारीचं काम केलं. पुराचा इशारा, स्वयंसेवकांचं प्रशिक्षण, रंगीत तालमी, निवाऱ्याची देखभाल, सगळं. माझा पगार, प्रवासखर्च, फोनचं बिल एका परदेशी निधीतून यायचं. त्या तीस दिवसांतले पहिले बारा आम्ही शेवटचा अहवाल लिहिण्यात आणि निरोपाच्या कार्यक्रमांत घालवले. ते बारा दिवस मला अजून सलतात. हे लिहिते आहे ते ज्यांच्या हातात असं पत्र नुकतंच पडलंय किंवा पडणार आहे त्यांच्यासाठी.

अशी पत्रं सध्या खूप जणांना येताहेत. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी विकास मदत ९० दिवसांसाठी थांबवली आणि चालू कामं जिथल्या तिथे बंद करायचे आदेश गेले. मार्चमध्ये यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि १ जुलैला त्या संस्थेचं स्वतंत्र काम संपलं. ब्रिटननेही आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणायचं ठरवलं. अशा कपातीत 'जीव वाचवणाऱ्या' मदतीसाठी थोडीफार सूट मिळते. पूर्वतयारी त्या शब्दात बसवली जात नाही, म्हणून ती आधी जाते. मुळात तिच्या वाट्याला येत होतं ते तरी किती? २०१० ते २०१९ या काळातल्या एकूण परदेशी मदतीपैकी आपत्तीचा धोका आधीच कमी करण्यासाठी जेमतेम अर्धा टक्का खर्च झाला. एवढ्याशा पैशावर किती वस्त्या रात्री निर्धास्त झोपत होत्या, हे मी जवळून पाहिलंय.

तरीही निधी गेला म्हणजे सगळं संपलं, असं नाही. बांगलादेशचं उदाहरण मी प्रत्येक बैठकीत सांगते. १९७० च्या चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर १९७२ मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या आधाराने चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा राहिला. वर्षभरातच, १९७३ मध्ये, त्या संघाने हा कार्यक्रम चालवण्यातून अंग काढून घेतलं. बांगलादेश सरकारने तो जुलै १९७३ पासून आपल्या अंगावर घेतला, देशातल्या रेड क्रॉसला सोबत ठेवलं, आणि मानधनाशिवाय काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या बळावर तो आजही चालतो. आज त्यांची संख्या पंचाहत्तर हजारांच्या वर आहे आणि त्यांत जवळजवळ निम्म्या बायका आहेत. २००७ च्या सिद्र वादळात तिथे सुमारे ३,४०० लोक गेले. हा आकडा लहान नाही, पण १९७० च्या आकड्याशेजारी ठेवला की फरक कळतो. म्हणजे देणारा निघून गेल्यावर काम उभं राहू शकतं. मात्र कुणीतरी ते उचलावं लागतं, आणि काय उचलायचं हे त्याला नेमकं ठाऊक असावं लागतं.

पहिला आठवडा कागदांचा

पत्र आल्याच्या दिवशीच एक वही घ्या आणि कुठली गोष्ट कुठल्या तारखेला थांबणार ते लिहून काढा. 'प्रकल्प ३१ तारखेला संपणार' हे पुरेसं नाही. फोनची बिलं कधीपर्यंत भरली जाणार? गोदामाचं भाडं? संकेतस्थळाचं, ॲपचं, नकाशांचं वार्षिक शुल्क? बोटीचा विमा? ह्या सगळ्यांच्या तारखा वेगवेगळ्या असतात, आणि धोका त्या तारखांमध्ये लपलेला असतो.

मग देणाऱ्या संस्थेकडून तीन गोष्टी लेखी मागा. एक, साहित्य कुणाच्या मालकीचं होणार याचं हस्तांतरपत्र. दोन, सगळे पासवर्ड आणि माहितीच्या फायली, उघडता येतील अशा साध्या स्वरूपात. तीन, यंत्रं बसवणाऱ्यांचे आणि दुरुस्ती करणाऱ्यांचे संपर्क. तोंडी आश्वासनावर राहू नका. तुमच्याशी इतकी वर्षं बोलणारा माणूस पुढच्या महिन्यात त्या खुर्चीत नसेल. २०२५ मध्ये तर कित्येक ठिकाणी पत्र पाठवणाऱ्याचीच नोकरी गेली होती. मार्चअखेर म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तिथे अमेरिकेने तिघांचं पथक पाठवलं, आणि ते तिथे काम करत असतानाच त्यांना नोकरी संपत असल्याचं कळवण्यात आलं. अशा वेळी तुमच्या ईमेलला उत्तर कोण देणार?

हस्तांतरपत्राचा आग्रह का धरायचा तेही सांगते. कागद नसला की वस्तू असूनही हात लावता येत नाही. दुबईच्या गोदामात अमेरिकी मदतीची सुमारे ५०० टन पौष्टिक बिस्किटं पडून राहिली, वाटपाचा निर्णय वेळेत झाला नाही, मुदत संपली आणि जुलै २०२५ मध्ये ती जाळून टाकायची वेळ आली. आमच्याकडे एवढं मोठं काही नव्हतं. निवाऱ्याच्या खोलीत चाळीस लाइफ जॅकेटं, दोन दोरखंड आणि एक जनरेटर होता. पण खोलीची किल्ली प्रकल्पाच्या एका कर्मचाऱ्याकडे, आणि तो दुसऱ्या शहरात नोकरीला गेलेला. कुलूप तोडायला कुणी धजावेना, कारण 'सामान आपलं नाही.' शेवटी तोडलं. तुम्ही तोडायची पाळी आणू नका. तीन किल्ल्या करा, तीन वेगळ्या घरांत ठेवा, त्यांतलं एक घर उंचावरचं असू द्या.

पैसा नेमका कशाला टेकू देत होता?

हा प्रश्न सोपा वाटतो. आम्हीही चट्कन उत्तर दिलं होतं: पगाराला, प्रशिक्षणाला, साहित्याला. खरं उत्तर मला चार महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात मिळालं.

पुलाच्या खांबावर आमचं पाणीपातळी मोजणारं यंत्र होतं. वर सौर पॅनल, खाली बॅटरी, आत एक सिमकार्ड. दर पंधरा मिनिटांनी आकडा ॲपवर यायचा. धोका नसेल तर हिरवा, वाढला तर पिवळा, मग लाल. प्रकल्प संपला तरी यंत्र जागेवर होतं, पॅनल स्वच्छ होतं, आणि आम्हाला वाटत होतं की निदान ही एक गोष्ट तरी आपल्याकडे राहिली. त्या रात्री पाऊस थांबत नव्हता. मी दहा वाजता ॲप उघडलं. १.८ मीटर, हिरवा. अकरा वाजता पुन्हा बघितलं. १.८ मीटर, हिरवा. मला हायसं वाटलं. आपल्याकडे पाऊस असला तरी वर नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि आडवी झाले.

पावणेबाराला फोन वाजला. वरच्या वस्तीत राहणारे एक काका गेली कित्येक वर्षं काठाच्या दगडी पायऱ्यांवरून पाणी मोजून आम्हाला कळवायचे. ते म्हणाले, "बाई, वरून तिसऱ्या पायरीला पाणी लागलंय. झोपलीस की काय तू?"

यंत्रातलं सिमकार्ड नऊ दिवसांपूर्वीच बंद पडलं होतं. रिचार्ज संपला होता. तो भरायचा एका माणसाने, दर महिन्याला, मुख्य कार्यालयातून, आणि त्या माणसाचं टेबल आता रिकामं होतं. ॲपने नऊ दिवसांपूर्वीचा शेवटचा आकडा धरून ठेवला होता, हिरव्या रंगात. काकांच्या फोनमुळे लोक वेळेत बाहेर पडले, पण माझ्यामुळे पावणेदोन तास वाया गेले होते. अंधारात, चिखलातून, म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघणाऱ्यांसाठी पावणेदोन तास म्हणजे काय असतं ते मला त्या रात्री दिसलं.

काकांच्या फोनचा भत्ताही प्रकल्पाबरोबर थांबला होता. त्यांनी फोन थांबवला नव्हता.

तेव्हापासून मी लोकांना सांगते की वहीत वस्तूंची यादी करू नका, कामांची करा. प्रत्येक कामापुढे लिहा: हे कोण करतं, किती दिवसांनी करतं, त्याला त्यासाठी काय मिळतं, आणि तो थांबला तर आपल्याला कधी कळेल. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. प्रशिक्षण थांबलं की लगेच कळतं, कारण माणसं जमत नाहीत. सिमकार्ड बंद पडलं की कळत नाही. बॅटरी उतरली की कळत नाही. यादीतला माणूस गाव सोडून गेला की कळत नाही. गुपचूप मरणारी कामं आधी पकडा.

हे फक्त आमच्यासारख्या लहान जागी होतं असं समजू नका. दुष्काळ आणि उपासमारीचा आगाऊ अंदाज देणारी फ्यूज नेट ही यंत्रणा १९८५ पासून चालू होती, इथिओपियातल्या दुष्काळाच्या धड्यातून जन्मलेली. जानेवारी २०२५ मध्ये निधी गोठला आणि तिचं संकेतस्थळच बंद झालं. काही महिन्यांनी ती परतली, पण मधल्या काळात कितीतरी देशांतले लोक ज्या नकाशांवर विसंबून होते ते नकाशेच समोर नव्हते. त्यांना निदान पान उघडत नाही हे तरी दिसत होतं. आम्हाला हिरवा रंग दिसत होता.

म्हणून यंत्र कुठलंही असो, एक सवय लावून घ्या: आधी आकड्याची वेळ बघा, मग आकडा. वेळ अर्ध्या तासापेक्षा जुनी असेल तर तो आकडा नाहीच असं धरा. आणि सिमकार्ड, ॲपचं खातं, संकेतस्थळाचं नाव ह्या गोष्टी वस्तीतल्या समितीच्या नावावर करून घ्या. रिचार्जची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहा. आमच्याकडे आता ते काम दुकान चालवणाऱ्या एका ताईंकडे आहे. त्यांच्या हिशेबाच्या वहीच्या पहिल्याच पानावर ती तारीख असते.

इशाऱ्याची साखळी

एकच गोष्ट जिवंत ठेवायची ताकद असेल, तर ही ठेवा. बाकीचं उशिरा आलं तरी चालतं.

वरच्या अंगाला पाणी किंवा पाऊस बघणारा माणूस हवा. पावसासाठी महागडं यंत्र लागत नाही. सरळ भिंतीचं, तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीचं भांडं उघड्यावर ठेवा आणि आतलं पाणी फूटपट्टीने मोजा. दहा मिलिमीटर भरलं तर दहा मिलिमीटर पाऊस झाला. भांडं झाडाखाली किंवा छपराच्या कडेला ठेवू नका, आणि रोज ठरल्या वेळी मोजून रिकामं करा. पाण्यासाठी पुलाच्या खांबावर किंवा पक्क्या भिंतीवर पट्टे रंगवा, रात्री टॉर्चने दिसतील एवढे ठळक. पट्टा कुठल्या उंचीवर मारायचा हे आधीच्या पुरांच्या खुणांवरून आणि जुन्या माणसांना विचारून ठरवा.

मग वेळ. वर अमुक पट्ट्याला पाणी लागल्यावर आपल्या वस्तीत ते किती वेळाने येतं? प्रत्येक पुराला दोन्ही वेळा लिहून ठेवा. चार-पाच पुरांनंतर तुमच्याकडे असा तक्ता तयार होतो, जो कुठल्याही प्रकल्पाने तुम्हाला दिलेला नसतो. आमच्या मधल्या वस्तीला साधारण तीन तास मिळतात, सगळ्यांत वरच्या वस्तीला तासभरही मिळत नाही. म्हणून वरच्या वस्तीचा नियम वेगळा आहे: तिथे पिवळ्या पट्ट्यालाच निघायचं, लालची वाट बघायची नाही.

साखळीत एकाने दोघांना फोन करायचा, त्या दोघांनी प्रत्येकी दोघांना. एवढं बहुतेकांना माहीत असतं. दोन गोष्टी मात्र राहून जातात. पहिली, शेवटच्या माणसाने पहिल्या माणसाला परत फोन करायचा. तो आला नाही म्हणजे साखळी कुठेतरी तुटली. दुसरी, शांततेचा अर्थ उलटा लावायचा. धोक्याच्या दिवसांत आम्ही रात्री नऊला वरून फोन ठरवून घेतलाय, काहीही झालेलं नसलं तरी. "पाणी खालीच आहे, झोपा." सव्वानऊपर्यंत तो फोन आला नाही, तर खालून वर करायचा. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, ही समजूत जिवावर बेतू शकते.

निरोप कसा द्यायचा त्याचीही तालीम करा. "धोक्याची पातळी ओलांडली" या वाक्याने कुणी जागचं हलत नाही. "दोन तासांत शाळेच्या पायरीला पाणी लागेल, टेकडीवरच्या निवाऱ्यात या, खालचा रस्ता धरू नका" याने माणूस उठतो. काय होणार, कधी होणार, काय करायचं. तिन्ही एका दमात.

फोन बंद पडला तर? पडतोच. बांगलादेशचे स्वयंसेवक अजूनही झेंडे, कर्णे आणि हाताने फिरवायचे सायरन वापरतात, ते उगाच नाही. आणि त्याहून साधी गोष्ट इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटाची. तिथे १९०७ मध्ये त्सुनामी आली होती. पुढच्या पिढ्यांना आजीआजोबांनी गोष्टींतून, गाण्यांतून एकच सांगितलं: मोठा भूकंप झाला आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळा. त्याला त्यांच्याकडे 'स्मोंग' असा एक शब्दच आहे. २६ डिसेंबर २००४ ला लोक तो शब्द ओरडत वर पळाले. सुमारे ७८,००० वस्तीच्या बेटावर सात माणसं गेली. तिथे कुठल्याही निधीचा पाट लावलेला नव्हता. तुमच्या धोक्याचं असं एक वाक्य करा, पाच वर्षांच्या मुलाला पाठ होईल इतकं लहान.

'दिव्यांग: ४'

आमच्या प्रकल्पाच्या तक्त्यात एका वस्तीपुढे असं लिहिलेलं होतं. 'दिव्यांग: ४. गरोदर: ६. सत्तरीपुढचे: २३.' अहवालाला आकडे लागायचे म्हणून आम्ही आकडे गोळा केले. पुराच्या रात्री त्या 'चार'चा काडीचा उपयोग झाला नाही. कोण चार? कुठल्या घरात, कुठल्या खोलीत झोपतात? त्यांना कोण उचलणार?

नावं होती, पण ती टॅबलेटमध्ये, आणि टॅबलेट परत गेले होते.

आता आमची यादी कागदावर आहे. प्रत्येक नावापुढे: झोपायची जागा, चालता येतं का, ऐकू येतं का, रोजचं औषध कुठलं आणि ते कुठे ठेवलेलं असतं. त्यापुढे दोन नावं. एक शेजारी, जो आणायला जाणार. दुसरा, तो शेजारी घरी नसेल तर जाणारा. नावं आम्ही परस्पर लिहिली नाहीत. जाऊन विचारलं, दोन्ही बाजूंना. एका आजींनी आम्ही सुचवलेला माणूस साफ नाकारला आणि समोरच्या घरातल्या मुलीचं नाव दिलं. बरोबर होतं त्यांचं. उचलून नेणाऱ्यावर भरवसा हवा.

या यादीतली माहिती खाजगी असते, तेव्हा तिच्या दोनच प्रती ठेवा आणि त्या कुणाकडे आहेत हे यादीतल्या माणसांना सांगा. प्लास्टिकच्या पिशवीत, दिव्याजवळ. वर्षातून दोनदा घरोघरी जाऊन तपासा.

शेजाऱ्यावर एवढा भर का, असं मला एका प्रशिक्षणात विचारलं होतं. जपानमधल्या कोबेचा १७ जानेवारी १९९५ चा भूकंप बघा. सुमारे ३५,००० माणसं ढिगाऱ्यांखाली अडकली होती. त्यांतल्या अंदाजे २७,००० जणांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि घरच्यांनी बाहेर काढलं. जपानसारख्या साधनसंपन्न देशात! कोण कुठे झोपतं हे शेजाऱ्याला ठाऊक असतं म्हणून.

साहित्य

थोडक्यात सांगते. कर्ण्यातले आणि टॉर्चमधले सेल काम नसताना काढून ठेवा, आत राहिले की गळतात आणि उपकरण खातात. शिशाची मोठी बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा, उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की ती पुन्हा उभी राहत नाही. नायलॉनचा दोर उन्हात ठेवू नका. लाइफ जॅकेटांच्या थप्पीवर जड काही ठेवू नका, आतला फोम दबतो. पावसाळ्याआधी एकेक जॅकेट उथळ पाण्यात, सोबतीला माणूस ठेवून, घालून बघा. उंदरांनी पट्टे कुरतडलेले असतात. ब्लिचिंग पावडर दमट हवेत काही महिन्यांतच कमजोर होते, साठा करून ठेवण्यात अर्थ नाही. आणि जे चालत नाही ते खोलीतून बाहेर काढा. बंद पडलेला जनरेटर खोलीत असला की सगळ्यांना वाटतं, आपल्याकडे जनरेटर आहे.

माणसं

प्रकल्पात प्रशिक्षणाला आलेल्याला भत्ता आणि जेवण मिळायचं. निधी गेल्यावर अर्धीअधिक माणसं यायची थांबली. सुरुवातीला मला राग आला होता. आता नाही येत. ज्याचा दिवसाचा रोज बुडतो त्याने फुकट यावं, असं पगार घेणाऱ्या मी कुठल्या तोंडाने म्हणावं? जे आले नाहीत त्यांना दोष देऊ नका. काम लहान करा.

आमची तालीम पूर्वी अख्खा दिवस चालायची, मंडप, फलक, पाहुणे, भाषणं. आता चाळीस मिनिटांची असते, कामावरून माणसं परतल्यावर, संध्याकाळी. एका वेळी एकच गोष्ट. एकदा फक्त फोनची साखळी, घड्याळ लावून. एकदा फक्त यादीतल्या तिघांना निवाऱ्यात नेऊन आणायचं. एकदा दिवे बंद करून. त्या अंधारातल्या तालमीत कळलं की निवाऱ्याच्या वाटेवरची गटाराची झाकणं चोरीला गेलीत. अकरा वर्षं आम्ही दिवसाउजेडीच तालमी घेत होतो.

एक काम मात्र फुकट मागू नका. नदीवर रात्री पहारा करणाऱ्याचा फोन, टॉर्च, रेनकोट, गमबूट यांचा खर्च वस्तीने उचलायचा. दर घरामागे थोडं जमवा, हिशेब भिंतीवर लावा. आपण ज्याच्या जिवावर झोपतो त्याला स्वतःच्या खिशातून टॉर्च घ्यावी लागू नये.

जे तुमचं नाही ते अंगावर घेऊ नका

यावर मी जरा हट्टाने बोलते, कारण निधी गेल्यावर 'लोकांनीच आता सक्षम व्हावं' असं म्हणणारे फार भेटतात. हवामानाचा अंदाज, रडार, धरणातून पाणी सोडल्याची सूचना, बंधारे, पक्के निवारे, आपत्तीनंतरचा धान्यसाठा ही वस्तीच्या वर्गणीतून होणारी कामं नाहीत. २०१५ च्या सेंदाई आराखड्यात जगभरातल्या सरकारांनी मान्य केलंय की आपत्तीचा धोका कमी करण्याची मुख्य जबाबदारी राज्यसंस्थेची आहे. त्यावर बोट ठेवा.

वहीत एक पान करा, वर लिहा 'हे आता होत नाही.' आमच्या पानावर आहे: बोटीचा चालक नाही, निवाऱ्याचं छत दोन वर्षं तपासलेलं नाही, यंत्राची दुरुस्ती करणारा कुणी नाही. हे पान वस्तीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. लोकांना वाटत असतं की बोट येईल. बोट येणार नसेल तर त्यांना ते आज कळू द्या, म्हणजे ते दोन तास आधी निघतील.

तेच पान घेऊन स्थानिक प्रशासनाकडे जा, अंदाजपत्रक ठरायच्या दोन-तीन महिने आधी. प्रकल्पाचा प्रस्ताव नेऊ नका. चाळीस पानं बघून समोरचा माणूस ती कपाटात ठेवतो. अर्ध्या पानाचं पत्र न्या: यंत्र आहे, बसवलेलं आहे, चालवायला वर्षाला एवढा खर्च, या तारखेपर्यंत मिळाला नाही तर अमुक वस्त्यांना इशारा मिळणार नाही. सोबत हस्तांतरपत्राची प्रत. अधिकाऱ्याला हेही सांगा की वादळाची किंवा उष्णतेच्या लाटेची सूचना २४ तास आधी मिळाली तर नुकसान ३० टक्क्यांनी कमी होऊ शकतं, असं हवामान बदलाशी जुळवून घेण्यावरच्या जागतिक आयोगाने २०१९ मध्ये म्हटलंय. पत्राची पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह. आम्हाला पहिल्या वर्षी नकार मिळाला, दुसऱ्या वर्षी दुरुस्तीचा खर्च मंजूर झाला. बोटीच्या चालकासाठी अजून फेऱ्या चालू आहेत.

पुन्हा कुणी निधी घेऊन आलं तर

येतील. त्यांना नाही म्हणू नका, पण वही पुढे ठेवून बोला. २०१६ मध्ये मोठ्या देणाऱ्यांनी आणि संस्थांनी मान्य केलं होतं की मानवतावादी मदतीचा निदान २५ टक्के भाग शक्य तितक्या थेट वाटेने स्थानिकांच्या हाती जाईल, २०२० पर्यंत. तसं झालं नाही. तेव्हा मागायचं ते आधी मागा. नवं साहित्य येणार असेल तर त्याच्या पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च करारात लिहून घ्या. यादी कागदावरही हवी. निरोपाच्या कार्यक्रमाऐवजी हस्तांतराचे तीन महिने हवेत, आणि तेही कराराच्या पहिल्या दिवशी ठरलेले.

मागच्या महिन्यात एक नवी संस्था आमच्याकडे येऊन गेली. त्यांना पुलावर दुसरं, जास्त चांगलं यंत्र बसवायचंय. त्यांचं सगळं सांगून झाल्यावर रिचार्जचा हिशेब ठेवणाऱ्या त्या ताईंनी एकच विचारलं: "आतलं सिमकार्ड कुणाच्या नावावर असणार?" पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि विचारून कळवतो म्हणाले. आम्ही उत्तराची वाट बघतोय. तोवर काकांचा नऊचा फोन येतो.